हायड्रोजनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायचं गणित सुटायला ७० वर्षं का लागली?

एलईडी यायच्या आधी घराघरात ट्यूबलाइट होत्या. बटण दाबलं की स्टार्टर दोन-तीनदा लुकलुकायचा, चोक गुरगुरायचा आणि मग ट्यूब लागायची. त्या दोन-तीन सेकंदांत नळीच्या आत काय चालायचं?

नळीत थोडा आर्गॉन वायू आणि किंचित पारा असतो. टोकाच्या तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने पळायला लागतात आणि वाटेतल्या अणूंना धडकतात. काही धडकांमध्ये अणूतला एक इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतो. एकाचे दोन झाले. ते दोघं पुढे आणखी दोघांना धडकतात, दोनाचे चार होतात. हे प्रकरण पुरेसं वाढलं की वायूतून वीज वाहते आणि ट्यूब पेटते.

अणूतून असा इलेक्ट्रॉन निसटला की मागे उरतो तो धनभारित आयन. म्हणून या घटनेला इलेक्ट्रॉनच्या धडकेने होणारं आयनीभवन म्हणतात. ट्यूबलाइटमध्ये ते होतं, आकाशातल्या ऑरोरामध्ये होतं, फ्यूजन रिॲक्टरमध्ये होतं आणि रेडिएशन घेणाऱ्या कॅन्सर पेशंटच्या पेशींमध्येही होतं.

आता प्रश्न असा, की अमुक एका वेगाचा इलेक्ट्रॉन एखाद्या अणूला धडकला, तर आयनीभवन होण्याची शक्यता किती? प्रश्न एका ओळीचा आहे. पण विश्वातल्या सगळ्यात साध्या अणूसाठी, म्हणजे हायड्रोजनसाठी, त्याचं नेमकं सैद्धांतिक उत्तर १९९० च्या दशकात मिळालं. क्वांटम मेकॅनिक्सची समीकरणं १९२६ पासून हातात होती. माणूस चंद्रावर जाऊन आला, ट्रान्झिस्टरपासून पर्सनल कॉम्प्युटरपर्यंत सगळं झालं, पण हे गणित अडून बसलं होतं.

धडक झाली म्हणजे नेमकं काय होतं?

हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. तो इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातलं चिल्लर नाणं समजा. हेलियमला २४.६ लागतात, आर्गॉनला साधारण १५.८, पाऱ्याला १०.४.

येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे यापेक्षा कमी ऊर्जा असेल, तर तो नुसता वळून निघून जातो, किंवा अणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर ढकलतो. तो नंतर खाली येतो आणि प्रकाश देतो. ऊर्जा पुरेशी असेल तरच इलेक्ट्रॉन बाहेर निघू शकतो. ‘शकतो’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ऊर्जा पुरेशी असली तरी निघेलच याची खात्री नसते.

इथे फ्रँक आणि हर्ट्झ यांचा किस्सा सांगायलाच हवा. १९१४ मध्ये या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टला पोचले की इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा एकदम गमावतात, असं त्यांना दिसलं. त्यांना वाटलं, पाऱ्याचं आयनीभवन झालं. प्रत्यक्षात ती फक्त वरच्या पायरीवर मारलेली उडी होती. बोरच्या अणुसिद्धांताला मिळालेला तो मोठा पुरावा ठरला आणि १९२५ चं नोबेल दोघांना मिळालं. तीच ४.९ ची पायरी उतरताना पारा जो अतिनील प्रकाश देतो, तो ट्यूबलाइटच्या पांढऱ्या लेपावर पडतो आणि आपल्याला उजेड मिळतो.

शक्यता मोजायची कशी?

यासाठी शास्त्रज्ञ क्रॉस सेक्शन नावाची गोष्ट वापरतात. अणू म्हणजे नेमबाजीतलं लक्ष्य समजा. लक्ष्याचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकी नेम लागायची शक्यता जास्त. अणूला खरं तर कुठलीही ठोस कड नसते, त्यामुळे हे क्षेत्रफळ म्हणजे शक्यतेलाच दिलेलं एक सोयीचं रूप आहे. म्हणूनच ते येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेप्रमाणे बदलतं.

हायड्रोजनचं बघा. १३.६ च्या खाली आयनीभवनाचा क्रॉस सेक्शन शून्य. मग तो चढत जातो आणि ५० ते ६० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास शिखर गाठतो. तिथे तो साधारण ०.७ चौरस अँगस्ट्रॉम असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. तुलनेसाठी, बोरने सांगितलेल्या हायड्रोजनच्या कक्षेचं वर्तुळ काढलं, तर त्याचं क्षेत्रफळ ०.८८ येतं. शिखरानंतर आलेख हळूहळू उतरतो, कारण फार वेगात जाणारा इलेक्ट्रॉन अणूच्या शेजारी थांबतच नाही. धक्का द्यायला वेळ तर मिळाला पाहिजे!

या आलेखाचा उपयोग आपल्या अगदी जवळ होतो. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र नमुन्यातल्या रेणूंचे आयन बनवून त्यांचं वजन करतं. त्याच्या एका जुन्या आणि आजही चालणाऱ्या पद्धतीत नमुन्यावर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडतात. सत्तरच का? तर बहुतेक सेंद्रिय रेणूंसाठी तिथे आलेख शिखराजवळ आणि बराच सपाट असतो. ऊर्जा थोडी इकडेतिकडे झाली तरी निकाल फारसा बदलत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे निर्यातीच्या द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश तपासले जातात, आणि अशा तपासणीत हे यंत्र हमखास लागतं.

पहिला प्रयत्न: कॅरमचा बोर्ड

इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनीच १९१२ मध्ये याचं पहिलं गणित मांडलं. त्यांची कल्पना कॅरमसारखी होती. येणारा इलेक्ट्रॉन म्हणजे स्ट्रायकर, अणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे शांत पडलेली सोंगटी. प्रोटॉनकडे दुर्लक्ष करायचं, फक्त दोघांची टक्कर मोजायची आणि सोंगटीला पुरेशी ऊर्जा मिळाली का ते बघायचं.

गंमत म्हणजे आलेखाचा आकार बऱ्यापैकी जमतो. आधी शून्य, मग चढ, मग उतार. पण शिखर २७ इलेक्ट्रॉन व्होल्टलाच येतं, आणि तिथे उत्तर प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट निघतं. वेगवान इलेक्ट्रॉनच्या बाबतीत उलटी चूक होते. तिथे थॉमसनचं उत्तर प्रमाणाबाहेर लवकर घसरतं.

मग आलं १९२६. श्रोडिंजरचं समीकरण नुकतंच आलं होतं आणि मॅक्स बॉर्न यांनी ते टकरींना लावलं. क्वांटम मेकॅनिक्समध्ये तरंगातून शक्यता मिळते, हे आज आपण सहज म्हणतो. ती कल्पना बॉर्न यांनी टकरींवरच्या याच लेखात मांडली, आणि तिचा नेमका दुरुस्त नियम तर तळटीपेत आला होता. त्या कामासाठी त्यांना १९५४ मध्ये नोबेल मिळालं. तळटीपा वाचत जा, असं म्हणायला हे पुरेसं कारण आहे.

बॉर्न यांची युक्ती अशी, की येणारा इलेक्ट्रॉन खूप वेगवान असेल तर अणूमुळे त्याची वाट जवळजवळ बदलत नाही असं मानायचं. १९३० मध्ये हान्स बेथे यांनी यातून वेगवान इलेक्ट्रॉनसाठीचा नियम काढला. बाजूने सुसाट गेलेला इलेक्ट्रॉन अणूला प्रकाशाच्या झटक्यासारखा वाटतो, त्यामुळे लांबून गेला तरी तो काम करून जातो. थॉमसनच्या कॅरममध्ये नेमकं हेच सुटलं होतं, कारण स्ट्रायकर सोंगटीला शिवल्याशिवाय काही होत नाही.

पण वेग कमी असेल तर बॉर्न यांचं गृहीतकच कोसळतं. हळू येणारा इलेक्ट्रॉन अणूला ढवळून काढतो आणि स्वतःही ढवळला जातो. ट्यूबलाइटमध्ये, शरीरात, ऑरोरामध्ये सगळा खेळ या हळू इलेक्ट्रॉनचाच असतो.

खरी अडचण: तिघांचं न संपणारं भांडण

टक्कर झाल्यावर तिघं उरतात. प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन. प्रोटॉन दोघांना ओढतो, दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. आणि विद्युत बल अंतराबरोबर कमी होत असलं तरी पूर्ण कधीच संपत नाही.

कॅरममध्ये सोंगट्या एकमेकींपासून सुटल्या की सुटल्या, पुढे प्रत्येकीचा मार्ग वेगळा. इथे मात्र जणू तिघांना रबराचे धागे बांधलेत आणि ते धागे तुटतच नाहीत. गणितात याचा त्रास असा होतो, की समीकरण सोडवताना शेवटी, खूप लांब गेल्यावर, तरंगाचं रूप कसं असेल ते आधी सांगावं लागतं. तीन भारित कण वेगळे होताना ते रूप अतिशय किचकट असतं. शेवट माहीत नसेल तर उत्तर काढायचं कुठून?

ग्रेगरी वानिए यांनी १९५३ मध्ये याच्या एका कोपऱ्यावर प्रकाश टाकला. समजा, ऊर्जा जेमतेम १३.६ च्या वर आहे. मग दोन्ही इलेक्ट्रॉनना निसटायचं असेल, तर त्यांना जवळजवळ सारख्या वेगाने, प्रोटॉनच्या दोन विरुद्ध बाजूंना जावं लागतं. ट्रेक करणाऱ्यांना डोंगराची अरुंद धार माहीत असते, हे तसंच आहे. जरा तोल गेला, एक इलेक्ट्रॉन किंचित मागे राहिला, की प्रोटॉन त्याला परत ओढून घेतो आणि आयनीभवन होतच नाही. वानिए यांनी सांगितलं की उंबरठ्याच्या लगेच वर शक्यता ही जादा ऊर्जेच्या १.१२७ व्या घाताप्रमाणे वाढेल. साधा १ नाही, १.१२७. इतका विचित्र आकडा कोण उगाच सांगेल? १९७४ मध्ये मँचेस्टरमध्ये स्वेतानोविच आणि रीड यांनी हेलियमवर मोजमाप केलं. त्यांना मिळाला १.१३१, मागे-पुढे ०.०१९. म्हणजे भाकीत बरोबर बसलं. पण हा नियम फक्त आलेखाची चढण सांगत होता, प्रत्यक्ष किंमत नाही.

दरम्यान प्रयोग पुढे निघून गेले होते. १९६९ पासून एकाच टकरीतून निघालेले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वेळी पकडायची सोय झाली. कोण कुठल्या कोनात गेला, किती ऊर्जा घेऊन गेला, सगळं कळायला लागलं. सिद्धांत मांडणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. एकूण शक्यता कशीबशी जुळवता येते, पण प्रत्येक कोनाचा हिशोब कोणी मागितला की मॉडेलमधला चोरकप्पा लगेच उघडा पडतो.

कोंडी फुटली कशी?

दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटांनी त्या शेवटच्या रूपाला बगल दिली.

पहिली वाट ऑस्ट्रेलियातून आली. इगोर ब्रे आणि आंद्रिस स्टेलबोविक्स यांनी १९९२ मध्ये कन्व्हर्जंट क्लोज कपलिंग ही पद्धत मांडली. बाहेर निसटलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला पायऱ्या नसतात, तो सलग उतार असतो. या दोघांनी त्या उताराच्या जागी जिना बसवला. मोजक्या पायऱ्या घ्यायच्या, कॉम्प्युटरवर गणित करायचं. मग पायऱ्या वाढवायच्या, पुन्हा करायचं. उत्तर बदलायचं थांबलं की ते खरं. १९९३ मध्ये त्यांनी हायड्रोजनचा एकूण क्रॉस सेक्शन उंबरठ्यापासून ५०० इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत काढून दाखवला. बेलफास्टमध्ये शाह, इलियट आणि गिलबॉडी यांनी १९८७ मध्ये केलेल्या मोजमापांशी तो जुळला. सलग उताराऐवजी जिना वापरून इतकं अचूक उत्तर येतंच कसं, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. मला हा भाग सगळ्यात आवडतो. उत्तर बरोबर होतं, पण ते बरोबर का आहे हे नंतर शोधावं लागलं.

दुसरी वाट अमेरिकेतली. डिसेंबर १९९९ मध्ये रेसिग्नो, बार्ट्शी, आयझॅक्स आणि मॅकर्डी यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. त्यांची युक्ती समजायला पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. मधे खडा टाकला की लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि सगळा गोंधळ होतो. भिंतीऐवजी उतरता किनारा असेल, तर लाटा तिथेच विरून जातात. या चौघांनी ठराविक अंतरापलीकडे अंतर मोजायचे आकडेच संमिश्र संख्यांमध्ये वळवले, त्यामुळे बाहेर जाणारा तरंग आपोआप विरत गेला. शेवटचं रूप माहीत असायची गरजच संपली. आतल्या भागातलं समीकरण त्यांनी सुपरकॉम्प्युटरवर सोडवलं आणि कोनांचा तपशीलही प्रयोगाशी जुळला.

१९२६ ते १९९९. त्र्याहत्तर वर्षं. आणि हे एका इलेक्ट्रॉनच्या अणूसाठी!

मग बाकीच्या अणूंचं काय?

इथे थोडं व्यवहारी व्हावं लागतं. पाणी, मिथेन, डीएनएचे तुकडे, टंगस्टन अशा सगळ्यांसाठी असं नेमकं गणित करणं शक्य नाही. पण इंजिनिअरला आकडा तर आजच हवा असतो.

१९९४ मध्ये योंग-की किम आणि यूजीन रड यांनी यावर देशी जुगाडासारखा वाटणारा, पण पक्क्या भौतिकशास्त्रावर उभा असलेला तोडगा काढला. जवळून झालेल्या टकरीचं गणित कॅरमवाल्या विचाराच्या सुधारित क्वांटम रूपातून घ्यायचं, लांबून गेलेल्यांचं बेथे यांच्या नियमातून, आणि दोन्ही जोडायचं. या सूत्राला बीईबी म्हणतात. ते पोस्टकार्डवर मावतं. त्यात फक्त तीन गोष्टी भराव्या लागतात: इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलाय, तो आत किती ऊर्जेने फिरतोय आणि त्या कप्प्यात असे किती इलेक्ट्रॉन आहेत.

हायड्रोजनसाठी ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्टला हे गणित मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतं. उत्तर येतं ०.६६ चौरस अँगस्ट्रॉम. प्रयोग सांगतो साधारण ०.७. सुपरकॉम्प्युटरची धावपळ बघितल्यावर हे जरा अन्यायकारकच वाटतं.

पण या सूत्राला आंधळे कोपरे आहेत. काही अणूंमध्ये धडकेने आतला इलेक्ट्रॉन आधी वरच्या पायरीवर जातो आणि मग अणू स्वतःहून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. हा आडमार्ग बीईबीला दिसत नाही. इलेक्ट्रॉन कुठल्या कोनात गेले हेही ते सांगत नाही.

भारतातही या विषयावर सातत्याने काम झालंय. गुजरातमध्ये वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात के. एन. जोशीपुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्याच दिशेने जाणारी पद्धत विकसित केली. आधी टकरीत येणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा खाणाऱ्या सगळ्या घटनांची एकत्र बेरीज काढायची आणि मग त्यातला आयनीभवनाचा वाटा वेगळा करायचा. जोशीपुरा आणि नायजेल मेसन यांचं या विषयावरचं पुस्तक २०१९ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. प्रयोगाच्या बाजूला ई. कृष्णकुमार आणि एस. के. श्रीवास्तव यांनी १९८८ मध्ये हेलियमपासून झेनॉनपर्यंतच्या वायूंवर केलेली मोजमापं आजही मॉडेल तपासायला वापरतात. कृष्णकुमार यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन-टकरींवर दीर्घकाळ काम केलं.

आकडा चुकला तर काय बिघडतं?

फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आयटर या फ्यूजन प्रकल्पात भारत भागीदार आहे. २०२३ मध्ये तिथे ठरलं की आतल्या भिंतीचं अस्तर बेरिलियमऐवजी टंगस्टनचं करायचं. टंगस्टनच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन असतात. भिंतीवरून उडालेला टंगस्टन तप्त प्लाझ्मात गेला की एकामागून एक इलेक्ट्रॉन गमावत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकाश फेकून प्लाझ्मा थंड करतो. किती थंड करेल, हे कळायला प्रत्येक टप्प्याचा आयनीभवनाचा आकडा लागतो. सगळेच टप्पे प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत. तिथे मॉडेलवरच विसंबावं लागतं, आणि टंगस्टनमध्ये तो आडमार्गही जोरात चालतो.

दुसरं उदाहरण शरीराचं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात आता प्रोटॉन थेरपी मिळते. प्रोटॉन असो वा एक्स-रे, शरीरात शिरल्यावर तो वाटेत हजारो इलेक्ट्रॉन मोकळे करतो. त्यातले बहुतेक हळू असतात आणि तेच पुढे बरंचसं नुकसान करतात. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातल्या लिऑन सांश यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं, की ३ ते २० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडू शकतात. म्हणजे आयनीभवनाच्या उंबरठ्याखालचे इलेक्ट्रॉनही निरुपद्रवी नाहीत.

रुग्णाच्या रोजच्या डोसचा हिशोब इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन मोजून होत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण पेशीचं नुकसान नेमकं कसं होतं हे शोधणारी सिम्युलेशन्स एकेका टकरीचा हिशोब ठेवतात. त्यांना पाण्याचे क्रॉस सेक्शन लागतात, आणि अडचण तिथेच आहे. मोजमापं बहुतेक वाफेवर झालेली आहेत, शरीरात मात्र पाणी द्रवरूपात असतं. द्रवातले रेणू एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे आकडे बदलतात. ते किती बदलतात, यावर वेगवेगळी मॉडेल्स वेगवेगळं सांगतात, आणि ऊर्जा जितकी कमी तितका हा फरक मोठा.

अशा वेळी मॉडेल वापरणाऱ्याला एकच गोष्ट विचारावीशी वाटते: या आकड्यावर भरवसा किती? प्रयोग करणारे आपल्या आकड्यापुढे मागे-पुढे किती ते लिहितातच. सिद्धांत मांडणारे मात्र बहुतेक वेळा नुसता आकडा द्यायचे. २०११ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ए’ या नियतकालिकाने संपादकीय लिहून सांगितलं, की सैद्धांतिक लेखांतही, जिथे शक्य असेल तिथे, अनिश्चिततेचा अंदाज द्यावा. हायड्रोजनसाठी तो देणं सोपं आहे, पायऱ्या वाढवून बघायच्या. टंगस्टनसाठी आणि द्रवरूप पाण्यासाठी तो कसा काढायचा, यावर अजून काम सुरू आहे.